भाऊबिजेची साडी आणि नाताळचं डुक्कर

"डुकराच्या मटणाला चव येते ती खाद्यानं. बाकी सगळ्या गप्पा!"

बहिरू गांगुर्डे हे वाक्य गेली बावीस वर्षं सांगत आला होता. दिंडोरी रस्त्यावरच्या टपरीवर त्यानं नुसतं "डुकराच्या मटणाला" एवढं म्हटलं, की उरलेलं वाक्य टपरीवालाच पुरं करायचा आणि विषय संपावा म्हणून पुढ्यात चहा ठेवायचा. पण विषय कसला संपतोय! चहाचा घोट घेऊन बहिरू खाद्याचा फॉर्म्युला सुरू करायचा. वायनरीतून आणलेला द्राक्षाचा चोथा, मक्याचा भरडा आणि वर मूठभर मीठ. "आपली डुकरं वाईनवर वाढलेली हायेत! उगीच नाय देवळाली कॅम्पात नाव!"

नाव होतं हे मात्र खरं. कॅम्पाच्या बाजारात उज्वलाताई साळव्यांचं दुकान होतं. त्यांचं डुकराचं लोणचं आणि सॉसेज न्यायला मिलिटरीतल्या कुटुंबांपासून शरणपूरच्या ख्रिस्ती मंडळींपर्यंत सगळी यायची आणि त्या दुकानात डुक्कर जायचं ते फक्त बहिरूचं.

फॉर्म्युला बहिरूचा, नाव बहिरूचं आणि डुकरं? डुकरं कुसाबाईची. म्हणजे त्याच्या बायकोची. सकाळी ती त्यांना ओढ्याकाठच्या बाभळीत सोडायची. तिथं ती दिवसभर माती उकरायची, चिखलात लोळायची, सावलीला झोपायची. संध्याकाळी कुसाबाई पुढं आणि तिच्या मागं रांगेनं वीसेक डुकरं अशी दिंडी घरी यायची. ना काठी, ना आरडाओरडा. रांगेत पहिली असायची ती जुनी डुकरीण. तिचं नाव कुसाबाईनं मास्तरीण ठेवलं होतं.

"हिला फिरायला निमित्त लागतं," बहिरू टपरीवर सांगायचा. "डुकरांना काय, गोठ्यात ठेवली तरी तीच चव."

डुक्कर कॅम्पात न्यायच्या दिवशी तर कुसाबाई कमालच करायची. फळीवरून स्वतः आधी टेम्पोत चढायची, डुक्कर मुकाट मागून चढायचं, आणि मग ती मागंच बसायची. डुकराजवळ! थेट कॅम्पापर्यंत! बहिरू पुढं ड्रायव्हरशेजारी, खिडकीकडेला. बावीस वर्षं लोक या प्रकाराला हसले आणि सगळ्यात मोठ्यानं बहिरू हसला. त्या दिवशी संध्याकाळी कुसाबाई जेवायची नाही. "टेम्पो लागलाय," म्हणायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. बहिरू म्हणायचा, "मग कशाला बसतीस मागं? पुढं बसत जा ना!"

वैशाखात कुसाबाई गेली. ताप आला, दोन दिवस अंगात राहिला आणि तिसऱ्या दिवशी तिला घेऊन गेला. काही सांगून गेली नाही, कारण आपण जातोय हे तिलाच ठाऊक नव्हतं. त्या तापातसुद्धा ती दोनदा अंथरुणातून उठली, डुकरं आणायला.

मागच्या खोलीत खुंटीला तिची साडी तशीच राहिली. पोपटी रंगाची, लाल काठाची. गेल्या भाऊबिजेला तिच्या धाकट्या भावानं, चांदवडच्या सहादूनं घेतलेली. ती उतरवायला कोणाचा हात झाला नाही. बहिरू खुंटीसमोरून जाताना मान खाली घालायचा. साडी विचारतेय असं वाटायचं, "डुकरं आणली का?"

आणि डुकरं आणलेली नसायची! बहिरूनं हाक मारली की ती मान वर करून बघायची आणि पुन्हा माती उकरायला लागायची. बावीस वर्षं त्यांना खायला घातलं त्या माणसाला ती ओळखत नव्हती. खाद्य टोपल्यात येतं एवढंच त्यांना माहीत. टोपलं कोण आणतं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. चौथ्याच दिवशी ती शेजारच्या द्राक्षबागेत घुसली, ठिबकच्या नळ्या चावून ठेवल्या आणि बागाईतदार कोयता घेऊन बांधावर उभा राहिला.

मग बहिरूचा मुलगा आला. रविराज. सातपूरला कंपनीत कामाला, पाथर्डी फाट्याला वन बीएचके. त्यानं मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितले आणि निकाल दिला.

"दादा, मोकळं सोडणं आता बंद. शेड सिस्टीम करू. सिमेंटचं खाली, पत्रा वर, पाण्याला नळ. फिरायचं नाही म्हणजे खाल्लेलं सगळं अंगाला लागतं!"

"पण तुझी आई..."

"आई होती तोवर ठीक होतं. आता हे जमलं तर डुकरं ठेवा. नाहीतर विकून टाकू आणि तुम्ही माझ्याकडं फ्लॅटवर या. एकटं नाही ठेवायचं तुम्हाला."

पोरगं प्रेमानंच बोलत होतं. पण फ्लॅटवर बहिरू एकदा आठ दिवस राहिला होता. खाणं वेळेवर, पाणी नळाला, झोपायला गादी आणि जायला जागाच नाही! एकदा खाली उतरला तर परत आपली बिल्डिंग कोणती तेच कळेना, सगळ्या सारख्या. वॉचमननं हाताला धरून आणून सोडलं. आणि मुख्य म्हणजे इथल्या घरात कुसाबाई होती. चुलीजवळ, ओट्यावर, त्या खुंटीला. फ्लॅटमध्ये ती कधी गेलीच नव्हती, मग तिथं ती सापडणार कुठून?

म्हणून शेड झालं. डुकरं आत गेली. फुगली मात्र झकास! रविराज फोटो मागवायचा आणि वर अंगठा पाठवायचा. पण डुकरं एकमेकांच्या शेपट्या चावायला लागली. मास्तरीण कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागली. तशी पडलेली बघून बहिरूला कोण आठवायचं, ते तो कोणाला बोलला नाही.

दिवाळीनंतर शेडातलं पहिलं डुक्कर कॅम्पात पाठवायचं होतं. त्याला शेडातून काढायला चार माणसं, दोन दोर आणि पाऊण तास लागला. ते ओरडलं असं, की पलीकडच्या शाळेत गुरुजींनी पाढे थांबवले. बहिरू ऐटीत पुढच्या सीटवर बसून गेला आणि दोनच दिवसांत उज्वलाताईंचा फोन आला.

"भाऊ, जरा येऊन जा. बघण्यासारखं आहे."

बहिरूला वाटलं, कौतुकाचं असणार. तो धुतलेला शर्ट घालून गेला!

उज्वलाताईंनी ताट पुढं ठेवलं. ताटात मांस होतं फिकट, मऊ, लिबलिबीत, आणि ते पाण्यात बसलं होतं.

"मी पाणी घातलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याचं तेच सोडतंय. सॉसेज भरलं तर आतड्यातून गळतं. लोणचं घातलं तर तेल वर यायच्या ऐवजी पाणी वर येतं. आणि चरबी बघा, बोट रुततंय. कुसाबाईंचं मांस कसं असायचं? लालसर, घट्ट. सुरी लावली की कळायचं."

"पण खाद्य तेच हाय ताई! चोथा, भरडा, मीठ..."

"भाऊ, खाद्य राहू द्या. जागेवर बसून फुगलंय हे. चालायला नाही, उकरायला नाही. आणि शेवटी घाबरून मेलंय. घाबरून मेलेल्या जनावराचं मांस असंच पांढरं पडतं, पाणी सोडतं. माझ्या सासऱ्यांची तिसरी पिढी होती या धंद्यात, त्यांनी शिकवलंय मला. कुसाबाई मागं का बसायच्या, कधी विचारलंत?"

बहिरूनं कधी विचारलं नव्हतं. तो धुतलेल्या शर्टात नुसता उभा राहिला.

"वीस डिसेंबरला नाताळचं डुक्कर हवंय मला," उज्वलाताई जरा नरमाईनं म्हणाल्या. "ते पूर्वीसारखं असेल तर पुढंही तुमचंच. नसेल तर मला मोठ्या फार्मचं पाकिटातलं घ्यावं लागेल. तसलंच मिळणार, पण निदान पाणी त्यांनी आधीच काढलेलं असतं."

म्हणजे हिशेब सरळ होता. नाताळचं डुक्कर बिघडलं की कॅम्प गेला, कॅम्प गेला की डुकरं गेली आणि डुकरं गेली की पाथर्डी फाटा!

घरी येऊन बहिरूनं शेडाचं दार सताड उघडलं. "जा बाबांनो. व्हायचं ते होऊ दे." डुकरं आधी बिचकली, मग एकेक करून ओढ्याकडं धावली. संध्याकाळ झाली. बहिरूनं घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. एकही आलं नाही. तो उंबऱ्यावर डोक्याला हात लावून बसला.

तेवढ्यात मागच्या खोलीत खुडबुड झाली. बघतो तर मास्तरीण! मागच्या दारानं घरात शिरली होती. खुंटीवरच्या साडीत तिनं नाक खुपसलं होतं आणि हळूहळू हुंगत होती. एकदा, दोनदा, पुन्हा. मग ती तिथंच साडीखाली अंग टाकून बसली.

इतक्या महिन्यांत बहिरूला रडू आलं नव्हतं. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. लोक म्हणाले, गडी घट्ट आहे. त्या दिवशी तो डुकरिणीशेजारी जमिनीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला.

पण रडून झाल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला! सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं साडी खुंटीवरून काढली, खांद्यावर टाकली आणि ओढ्याकडं निघाला. डुकरांनी माना वर केल्या. चार पावलं पुढं आली. मग थांबली आणि बँकेतला साहेब एकदा फोटोकडं, एकदा आपल्याकडं बघतो तशी बघायला लागली. बहिरूनं पदर डोक्यावर घेतला. आणखी दहा पावलं! शेवटी त्यानं इकडंतिकडं बघितलं, बाभळीआड गेला आणि पँटवरूनच साडी नेसला. तीस वर्षं बायकोला नेसताना बघितली होती, पण निऱ्या नक्की कुठं जातात हे काही केल्या आठवेना! पुढं खोचल्या तर मागून सुटायची, मागून आवळली तर पुढं पाय अडकायचा. कशीबशी गुंडाळून, पदर मिशीपर्यंत ओढून तो तिच्या चालीनं, हळूहळू घराकडं निघाला. मागं वळून बघितलं, तर मास्तरीण पहिली आणि मागं अख्खी रांग!

झालं! रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. डुकरं पुन्हा बाभळीत फिरू लागली, चिखलात लोळू लागली. महिन्याभरात शेपट्या चावणं बंद झालं. बहिरूची मात्र एकच काळजी, कोणी बघायला नको.

बघितलं! बांधापलीकडच्या बागेत कामाला येणाऱ्या पुतळाबाईंनी बघितलं. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं, म्हणजे डोळ्यांना मिशी दिसत नव्हती आणि पोपटी रंग तेवढा छान दिसत होता. दुसऱ्या दिवशी त्या वाटीभर मेथीची भाजी घेऊन दारात हजर.

"बहिरू, घरात कोण आलंय रं?"

खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मीच साडी नेसतो?

"पाव्हणी हाय. डुकरांचं बघायला."

"कुठली?"

"चांदवडची," बहिरूच्या तोंडून निघून गेलं. डोक्यात कुसाबाईच होती, दुसरं गाव सुचणार कुठून?

"चांदवडची कोण? अरे, मीबी चांदवडची! कोणाची पोर?"

"ते... मी विचारलं नाय."

"घरात ठिवलीस आन विचारलं नाय?" पुतळाबाईंनी मेथीची वाटी तशीच परत उचलली आणि तरातरा निघून गेल्या.

बांधावर पोचायच्या आत त्यांनी चांदवडला फोन लावला होता. "सहादू, तुझ्या दाजीनं बाई आणली. वरीस व्हायचंय आजून आन बाई आणली! चांदवडचीच म्हणतोय. आन तुझ्या बहिणीची साडी नेसवलीय तिला!"

"कोणती साडी?"

"पोपटी. लाल काठाची."

सहादूनं लगेच फोन ठेवला, म्हणजे प्रकरण फारच गंभीर होतं. सहादू एरवी कांद्याचा भाव सांगायलासुद्धा अर्धा तास घेतो.

दुसऱ्या दिवशी वीस डिसेंबरची सकाळ उजाडली. कडाक्याची थंडी. निवृत्तीचा टेम्पो दारात लागला. पंधरा वर्षं हाच ड्रायव्हर. बहिरू साडी नेसून, पदर घेऊन बाहेर आला. निवृत्तीनं बघितलं, हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण साडी फळीवरून चढली आणि नाताळचं ते दांडगं डुक्कर तिच्या मागोमाग चढलं. दोर नाही, ओरडणं नाही.

"पुढं बसणार का?" निवृत्तीनं हळूच विचारलं.

"नाय. मागंच."

"बस. वहिनी बसायची तिथंच पोतं टाकलंय."

टेम्पो हलला. डुक्कर जरा डगमगलं, मग बहिरूच्या मांडीला टेकून बसलं आणि थोड्या वेळानं त्यानं चक्क मांडीवर डोकं ठेवलं. बहिरूनं त्याच्या कानामागं हात फिरवला. कान गरम होता. डुकरानं समाधानानं डोळे मिटले.

आणि तेव्हा बहिरूला कळलं. हे जनावर विश्वासानं निघालंय. ओळखीच्या साडीमागं निघालंय आणि साडी त्याला कुठं नेतेय हे फक्त साडीला ठाऊक आहे! बावीस वर्षं कुसाबाई हे एकटी करत आली होती. जनावराच्या मानेवर हात ठेवून, शेवटपर्यंत ते भिऊ नये म्हणून. घरी येऊन ती भिंतीकडं तोंड करून पडायची आणि आपण म्हणायचो, पुढं बसत जा ना! बहिरूला स्वतःची अशी लाज वाटली, की त्यानं पदर आणखी खाली ओढला.

नेमका तेवढ्यात म्हसरूळच्या अलीकडं मागून मोटरसायकलचा हॉर्न वाजला. एक नाही, दोन मोटरसायकली! पहिलीवर सहादू. डोळे लाल, मफलर वाऱ्यावर, आणि मागच्या गाडीवर भावकीतले दोघं.

"थांबव! ए, टेम्पो थांबव!"

बहिरूनं मेव्हण्याला ओळखलं. साडीत सापडलो तर तोंड कसं दाखवायचं? त्यानं तोंड फिरवलं.

"तोंड लपवतीस व्हय गं! बघतोच तुला!"

निवृत्तीला काय ऐकू येणार? त्यानं गाणी लावलेली. टेम्पो पंचवटीतून सुसाट, मागं दोन मोटरसायकली. शेवटी द्वारका चौकात सगळ्यांची व्हायची तीच गत झाली. चारी बाजूंनी वाहनं अडकली आणि टेम्पो मधोमध थांबला. सहादूनं गाडी तिथंच रस्त्यात लावली आणि टेम्पोच्या फाळक्यावर चढला.

"उतर खाली! माझ्या बहिणीची साडी हाय ती! मी घेतलेली! काढ!"

"अहो, बाईमाणसाला भर रस्त्यात साडी काढ म्हणता? लाज नाही वाटत?" शेजारच्या बसच्या खिडकीतून एक आजी कडाडल्या.

"मावशे, तुम्हाला नाय माहीत! हिनं माझ्या बहिणीचं घर बळकावलं!"

"आणि मांडीवर डुक्कर घेऊन बसलीय ती?" रिक्षावाल्यानं चौकशी केली. आता रिक्षावाले खाली उतरले, बसमधली माणसं एका बाजूला झुकली, कोणीतरी मोबाईल वर धरला. सहादूनं हात लांब केला आणि पदर ओढला.

पदराखालून मिशी निघाली.

क्षणभर द्वारकेवर एकही हॉर्न वाजला नाही!

"दाजी?" सहादूच्या हातातून पदर सुटला.

"हळू बोल," बहिरू पुटपुटला. "ते घाबरंल."

"कोण?"

"डुक्कर. घाबरलं की मटण पांढरं पडतं. पाणी सुटतं."

"अहो, हा तर बाप्या आहे!" रिक्षावाला ओरडला आणि गर्दीत हशा पिकला. सगळे हसत होते. सहादू हसत नव्हता. तो साडीकडं बघत होता. निऱ्या उलट्या, पदर डाव्याऐवजी उजव्या खांद्यावर, खाली पँटचे पाय.

"पण साडी कशाला, दाजी?"

"डुकरं तिच्याशिवाय येत नाय रे," बहिरू म्हणाला. "मी हाका मारल्या. लय मारल्या. माझ्या हाकंला कोणीच येत नाय."

सहादू फाळक्यावरून आत उतरला आणि डुकराच्या दुसऱ्या बाजूला बसला. खाली उभ्या असलेल्या भावकीतल्या एकानं विचारलं, "सहादूभाऊ, बाई कुठंय? पळाली का?"

"बाई नाय," सहादू म्हणाला. "बाई वैशाखातच गेली. माझी गाडी घेऊन घरी जा."

मग त्यानं डुकरावरून वाकून बहिरूच्या खांद्यावर डोकं टेकलं. ट्रॅफिक हवालदार आला, त्यानं आत बघितलं, मिशीवाली बाई आणि तिच्या खांद्याला टेकून रडणारा मफलरवाला बघितला आणि "चला, चला, पुढं घ्या" म्हणून निघून गेला. नाशिकरोड येईपर्यंत सहादूचं रडणं सरलं.

"या भाऊबिजेला मी दुकानात गेलतो दाजी," तो म्हणाला. "सवयीनं. लाल काठाची काढायला लावली. दुकानदार म्हणला, बांधू का? तवा आठवलं, द्यायची कोणाला?"

बहिरूनं पदराचं एक टोक पुढं केलं. सहादूनं त्यात डोळे पुसले.

कॅम्पात उज्वलाताईंच्या मागच्या अंगणात बहिरू पुढं आणि डुक्कर मागं असेच दोघं दारापर्यंत गेले. आत जाताना डुकरानं एकदा मागं वळून साडीकडं बघितलं. बहिरू जागचा हलला नाही, कारण ते भ्यायला नको होतं.

दुपारी उज्वलाताई स्वतः ताट घेऊन बाहेर आल्या. मांस लालसर, घट्ट, ताट कोरडं.

"भाऊ, हे कुसाबाईंचं आहे," त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "नाताळचं झालं. पुढचंही सगळं तुमच्याकडूनच."

दुकानात एका फौजीची बायको लोणचं घ्यायला उभी होती. ती कौतुकानं म्हणाली, "काय चारता हो तुम्ही डुकरांना?"

बावीस वर्षांचं वाक्य बहिरूच्या जिभेवर आलं. चोथा, भरडा... आणि ते तिथंच विरलं. "खाद्याचं काय नसतं त्यात, बाई," एवढंच तो म्हणाला.

उज्वलाताईंनी दोघांपुढं गरम गरम मटण आणि पाव ठेवले. सहादूनं दोन घास घेतले. बहिरूनं ताट बाजूला सारलं.

"खा ना दाजी."

"नको. टेम्पो लागलाय," बहिरू म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

द्वारकेचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सातपूरच्या कंपनीत पोचला होता. रविराजचा फोन आला.

"दादा, ते... ते तुम्हीच का?"

"व्हय."

"ती आईची साडी ना?"

"व्हय."

"कॅम्पाची ऑर्डर?"

"मिळाली."

"मग नेसत जा, दादा. फक्त द्वारकेला नको. इथं सगळे ओळखतात मला." फ्लॅटचा विषय त्यानं त्यानंतर कधी काढला नाही.

होळीच्या सुमाराची गोष्ट. एके संध्याकाळी साडी चिखलानं भिजलेली, म्हणून बहिरू नुसत्या शर्टपँटमध्ये ओढ्यावर गेला आणि सहज हाक मारली. मास्तरीण उठली आणि चालू लागली. मागं अख्खी रांग. बहिरू थबकला. त्यानं घरी येऊन साडी हुंगली. तिला आता चिखलाचा वास होता, डुकरांचा होता आणि त्याचा स्वतःचा होता. कुसाबाईचा कुठंच नव्हता. डुकरं आता त्याला ओळखायला लागली होती. आनंद व्हायला हवा होता, पण त्याला झाला नाही. त्यानं हे कोणाला सांगितलं नाही आणि दुसऱ्या दिवशी मुकाट साडी नेसून डुकरं आणायला गेला.

पुढची भाऊबीज आली. दुपार कलताना सहादू दारात. हातात दुकानाची पिशवी.

"दाजी, जुनी पार फाटली आसंल," तो खाली बघत म्हणाला. "डुकरांचं आडायला नको म्हणून आणलीय. पोपटीच हाय. लाल काठाची."

"बरं केलंस," बहिरू म्हणाला. "साडीशिवाय ती हलतच नाहीत. एक पाऊल नाय!"

त्यानं पाट मांडला, ताटात निरांजन लावलं आणि नवी साडी नेसून मेव्हण्याला ओवाळायला उभा राहिला. निऱ्या आता बरोबर जागी होत्या. ओवाळता ओवाळता सहादूची नजर बहिरूच्या खांद्यावरून मागं गेली. अंगणात मास्तरीण उभी होती. तिच्या मागं वीस डुकरं. बोलवायला कोणी गेलं नव्हतं, वेळ झाली म्हणून आपली आपण घरी आली होती!

"दाजी, ही तर आली की."

बहिरूनं मागं वळून बघितलं. ताट हातात तसंच.

"आज सण हाय ना," तो म्हणाला. "सणाचं येतात कधीकधी."

सहादूनं डुकरांकडं बघितलं, साडीकडं बघितलं, मान डोलावली आणि म्हणाला, "आसंल. पुढच्या साली मोरपंखी आणू का?"